ग्रहणाचा आठवडा : पुण्याहून आकाशदर्शनाला आणि सूर्यग्रहणाला पहिल्यांदाच निघणाऱ्यांसाठी

सूर्यग्रहण अमावस्येलाच होते, हे आपण सगळे शाळेत शिकलो. त्यातून निघणारी एक उपयोगी गोष्ट मात्र बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. ग्रहणाच्या आधीच्या आठवड्यात चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो आणि पुढे रोज साधारण पन्नास मिनिटे उशीर करत जातो. त्यामुळे तिन्हीसांजेपासून मध्यरात्रीपर्यंतचे आकाश पूर्ण काळोखे मिळते, आणि तारे पाहायला महिन्यातला याहून चांगला काळ नसतो. म्हणून ग्रहणाकडे दोन तासांचा कार्यक्रम म्हणून पाहू नये, असे माझे ठाम मत आहे. आठवडाभर रात्री तारे पाहावेत, पहाटे सूर्याकडे सरकत जाणारी चंद्राची कोर पाहावी आणि शेवटच्या दिवशी तोच चंद्र सूर्यावर आलेला पाहावा. असे पाहिले तर ग्रहण म्हणजे नेमके काय, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

२६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणाच्या वेळी मी असा आठवडा केला होता. तेव्हापासून पुण्यातले अनेक नवखे लोक मला तेच ते प्रश्न विचारतात : कुठे जायचे, काय न्यायचे, चष्मा कोणता घ्यायचा. पुण्यातून दिसणारे पुढचे सूर्यग्रहण २ ऑगस्ट २०२७ रोजी आहे. ते समोर ठेवून हे सगळे क्रमाने लिहीत आहे.

१. आधी ग्रहण समजून घ्या, मग रजा टाका

२ ऑगस्ट २०२७ चे ग्रहण खग्रास आहे, पण पुण्यात ते खंडग्रास दिसेल. खग्रास पट्टा दक्षिण स्पेन, उत्तर आफ्रिका, इजिप्त, सौदी अरेबिया आणि येमेनवरून जातो. इजिप्तमधील लक्सरच्या आसपास सूर्य सहा मिनिटांहून अधिक काळ पूर्ण झाकलेला राहील, आणि इतके दीर्घ खग्रास ग्रहण फार क्वचित होते. ज्यांना खग्रासच पाहायचे आहे आणि ज्यांची ऐपत आहे, त्यांनी पासपोर्ट, व्हिसा आणि मुक्कामाची व्यवस्था आधीच करून तिकडे जावे. हा लेख पुण्यात राहून पाहणाऱ्यांसाठी आहे.

पुण्यात ग्रहण दुपारनंतर, सूर्य पश्चिमेकडे कललेला असताना दिसेल आणि सूर्यबिंबाचा काही भाग झाकला जाईल. मिनिटामिनिटाच्या वेळा पंचांगात मिळतात. कोलकात्याचे पोझिशनल अ‍ॅस्ट्रॉनॉमी सेंटरही शहरनिहाय वेळा प्रसिद्ध करते. मुंबईच्या किंवा दिल्लीच्या वेळा पुण्यासाठी वापरू नका. ग्रहणाचा स्पर्श (सुरुवात), मध्य आणि मोक्ष (शेवट) या तिन्ही वेळा गावोगाव बदलतात.

त्या दिवशी सोमवार आहे आणि आषाढ अमावस्या, म्हणजे दिव्याची आवस आहे. शनिवार-रविवार धरून एकच रजा टाकली तरी सलग तीन दिवस हाती येतात. अडचण एकच आहे, पण ती मोठी आहे. ऑगस्टच्या सुरुवातीला पुण्यावर पावसाळी ढग असतात. ती गृहीत धरूनच पुढची आखणी केली आहे.

२. रंगीत तालीम फेब्रुवारीत करा

आकाशाची पहिली ओळख पावसाळ्यात करून घ्यायला निघालात, तर आठवडाभर ढग पाहून परत याल आणि पुन्हा कधी जाणार नाही. म्हणून खऱ्या आठवड्याआधी एक रंगीत तालीम हवी. त्यासाठी ३१ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२७ हा आठवडा मी सुचवतो. ६ फेब्रुवारीला शनिवार आहे, अमावस्या आहे आणि त्या दिवशी कंकणाकृती सूर्यग्रहणही आहे. मात्र ते दक्षिण अमेरिका, अटलांटिक महासागर आणि पश्चिम आफ्रिकेच्या बाजूने दिसेल, भारतातून दिसणार नाही. तरीही चंद्र आठवडाभर सूर्याकडे कसा सरकतो, हे तेव्हा अगदी तसेच पाहता येईल, आणि पुण्याचे आकाश त्या दिवसांत बहुधा निरभ्र असते.

सातही रात्री बाहेरगावी काढायची गरज नाही. नोकरी-शाळा सांभाळून शनिवार-रविवारच्या रात्री गावाबाहेर जावे आणि बाकीचे दिवस पहाटे घराच्या गच्चीवरून चंद्र पाहावा, ही विभागणी बहुतेकांना झेपते. चंद्र आणि ठळक ग्रह शहराच्या उजेडातूनही दिसतात, अंधार लागतो तो ताऱ्यांसाठी. अंधारातली मुख्य रात्र म्हणून अमावस्येचीच, म्हणजे शनिवार ६ फेब्रुवारीची रात्र ठेवा.

३. जागा निवडताना दिशा पाहा

नवखे लोक 'पुण्यापासून किती लांब' एवढेच विचारतात. मी आधी 'कोणत्या दिशेला' असे विचारतो. शहराच्या उजेडाचा घुमट पन्नास-साठ किलोमीटरवरूनही क्षितिजावर दिसतो आणि आकाशाची ती बाजू खराब करतो. पुण्याच्या अक्षांशावरून दक्षिणेचे आकाश फार समृद्ध दिसते. अगस्त्य, त्रिशंकू, वृश्चिकाचा आकडा आणि धनू राशीतला आकाशगंगेचा दाट भाग हे सारे दक्षिणेला असते. म्हणून पुण्याच्या दक्षिणेकडे, भोर आणि वेल्ह्याच्या बाजूला जावे. शहराचा उजेड तिथे उत्तरेला, पाठीमागे राहतो आणि समोरची दक्षिण काळोखी मिळते. जुन्नर-नारायणगावच्या बाजूला गेलात तर हाच घुमट दक्षिणेला येतो आणि हवी तीच बाजू हातची जाते.

त्या बाजूबद्दल आणखी दोन गोष्टी आधी सांगतो. नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय दुर्बीण रेडिओ लहरींसाठी आहे, तिच्यातून डोळ्यांनी काही पाहायचे नसते. गिरवली येथील आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण संशोधनासाठी आहे. ऐनवेळी फाटकाशी जाऊन उभे राहिल्यास विरस होईल. दुसरे असे, की जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर तालुक्यांत उसाच्या शेतांमधून बिबट्याचा वावर आहे. रात्री शेताच्या बांधावर चटई टाकून लहान मुलांसह पडण्यासारखा तो भाग नाही.

ऑगस्टमधील खऱ्या आठवड्यासाठी हीच निवड उलटी करावी लागते. सह्याद्रीच्या कुशीतले भोर-वेल्हे तेव्हा धो-धो पावसात असते. पूर्वेकडचे दौंड, बारामती, इंदापूर, भिगवण हे तालुके आणि गावे मात्र पर्जन्यछायेत येतात. तिथेही ढग असतातच, पण ते फाटलेले असतात आणि अधूनमधून उन्हाची तिरीप येते. ग्रहण पाहायला तेवढीही पुरते. शिवाय सूर्य पश्चिमेला असणार असल्याने त्या बाजूला डोंगराची आड नसलेले मोकळे माळरान हवे, आणि तसे माळ सोलापूर रस्त्याने गेल्यावर भरपूर मिळतात.

किल्ल्यांचा मोह टाळा. अनेक गडांवर रात्री थांबायला मनाई आहे, आणि तटाच्या कडेला अंधारात उभे राहून वर पाहणे कोणत्याही दृष्टीने धोक्याचेच असते. ओळखीच्या माणसाचे शेत, गावातल्या शाळेचे पटांगण किंवा कृषी पर्यटन केंद्र हे पर्याय सर्वांत चांगले.

४. परवानगी आणि कागदपत्रे

अनोळखी गावात रात्री दहा-बारा माणसे गाड्या लावून अंधारात बसलेली दिसली, की गावकऱ्यांना शंका येणारच, आणि ती रास्त असते. त्यामुळे दिवसाउजेडी जाऊन जागामालकाची परवानगी घ्या आणि गावच्या पोलीस पाटलांना भेटून कोण, कधी, कशासाठी येणार ते सांगा. या एका भेटीने पुढचे सगळे सोपे होते. पाटलांचा फोन नंबर मिळतो, गावातला दवाखाना कुठे आहे ते कळते, आणि चौकातला हायमास्ट दिवा किती वाजता बंद होतो, हेही समजते. रात्री गावातली मुले पाहायला आली तर त्यांना बायनॉक्युलर द्या. ज्यांच्या शेतात आपण बसलो आहोत, त्यांच्या घरच्यांचा पहिला मान.

सोबत ठेवायची कागदपत्रे अशी :

• प्रत्येकाचे ओळखपत्र आणि गाडीची कागदपत्रे.
• जागामालकाचे नाव आणि फोन नंबर, शक्यतो परवानगीचा लेखी संदेश.
• शाळेचा किंवा सोसायटीचा गट असेल तर प्रत्येक मुलाच्या पालकांचे संमतिपत्र. त्यात मुलाचे नेहमीचे औषध आणि अ‍ॅलर्जी लिहून घ्या.
• वनखात्याच्या हद्दीत जागा येत असेल तर वनपरिक्षेत्र कार्यालयाची परवानगी. ती तोंडी घेऊ नका.

एकट्याने सुरुवात करणे जड वाटत असेल, तर टिळक रस्त्यावरच्या टिळक स्मारक मंदिरातील ज्योतिर्विद्या परिसंस्थेकडे चौकशी करा. हौशी खगोलप्रेमींची ही संस्था १९४४ पासून काम करते आहे. जाणत्या माणसांबरोबर एक रात्र काढली, की बरीच धडपड वाचते.

५. सामान

दुर्बीण विकत घेऊन सुरुवात करू नका. स्वस्त दुर्बिणीची डगमगती तिवई आणि अंधारात न सापडणारी वस्तू यांनी नवख्याचा पहिलाच उत्साह मावळतो. ७ × ५० किंवा १० × ५० चे, म्हणजे सात किंवा दहा पट मोठे दाखवणारे आणि पुढचे भिंग ५० मिलिमीटरचे असलेले बायनॉक्युलर घ्या. ते कृत्तिका, मृगातला तेजोमेघ (वायू आणि धुळीचा ढग), देवयानी दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा दुसरा समूह) आणि चंद्रावरची विवरे व्यवस्थित दाखवते, आणि दुर्बीण घेतल्यावरही कामाला येते. आरामखुर्चीत रेलून, कोपर खुर्चीच्या हातांवर टेकवून पाहिले तर ते हलत नाही.

विजेरीला लाल जिलेटिन कागदाचे दोन-तीन पदर रबरबँडने बांधा. पांढऱ्या उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे क्षणात बिघडतात, मंद लाल उजेडाने तेवढे बिघडत नाहीत. एक पदर पुरत नाही, तळहातावर पडणारा उजेड जेमतेम रेषा दिसण्याइतका झाला की थांबा. फिरता तारकानकाशा घेताना तो आपल्या अक्षांशासाठीचा आहे का, हे पाहा. पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तरेला आहे. युरोपसाठी काढलेल्या नकाशात आपली निम्मी दक्षिण नसते.

बाकी नेहमीचेच : जाड चटई, फेब्रुवारीच्या पहाटेसाठी स्वेटर आणि कानटोपी, डास पळवणारे मलम, चहाचा थर्मास, भरपूर पाणी, पॉवर बँक, प्रथमोपचाराची पेटी. बूट घोट्यापर्यंतचे आणि बंद हवेत, चप्पल नको. रानात मण्यार आणि घोणस रात्रीच फिरतात. चटई टाकण्याआधी काठीने जमीन आपटून घ्या आणि काढून ठेवलेले बूट झटकल्याशिवाय पायात घालू नका. पावसाळ्यात विजेचा धोका असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' अ‍ॅप जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना देते, ते फोनवर घेऊन ठेवा आणि गडगडाट ऐकू येताच माळ सोडून गाडीत बसा.

६. पहिली रात्र : दोन मुठी मोजायला शिका

सूर्यास्ताच्या आधी पोचा. काळोखात जागा लावणे त्रासाचे असते, आणि पश्चिम कोणती हे मावळत्या सूर्यावरूनच पक्के होते. अंधार पडल्यावर फोन बाजूला ठेवून वीस-तीस मिनिटे नुसते बसा, डोळे सरावायला तेवढा वेळ लागतो. या वेळात लोक सर्वाधिक चुळबुळ करतात, पण तो चुकवून चालत नाही.

मग हात लांब करून मूठ वळा. मुठीची रुंदी आकाशात साधारण दहा अंश भरते. उत्तर क्षितिजावर एकावर एक दोन मुठी धरल्या, की वरच्या मुठीच्या माथ्याजवळ, किंचित खाली ध्रुवतारा सापडतो. आपल्या गावाचा अक्षांश जितका, तितक्याच उंचीवर ध्रुव असतो. पुण्याहून तो बराच खाली आहे आणि फारसा तेजस्वीही नाही, म्हणून लोक त्याला नको तिथे, डोक्यावर शोधत राहतात. फेब्रुवारीच्या त्या आठवड्यात रात्री दहाच्या सुमारास मागे वळून दक्षिणेकडे तशाच दोन मुठी धरा. तिथे अगस्त्य दिसेल, पिवळसर पांढरा आणि ठसठशीत. रात्रीच्या आकाशात व्याधाखालोखाल तोच तेजस्वी आहे. उत्तरेला ध्रुव आणि दक्षिणेला अगस्त्य, दोघेही जवळजवळ सारख्या उंचीवर. आपण पृथ्वीच्या गोलावर नेमके कुठे उभे आहोत, हे एवढ्यावरून कळते.

नऊच्या सुमारास मृग नक्षत्र उंच आलेले असते. एका रेषेतले तीन तारे म्हणजे व्याधाने सोडलेला बाण. ती रेषा आग्नेयेकडे वाढवली की व्याध येतो, उलट वायव्येकडे वाढवली की तांबूस रोहिणी येते आणि तिच्याही पुढे कृत्तिकांचा पुंजका. तीन ताऱ्यांच्या जरा खाली एक धूसर ठिपका दिसेल. त्यावर बायनॉक्युलर लावा आणि थेट त्याच्याकडे न पाहता नजर किंचित बाजूला ठेवा. डोळ्याचा कडेचा भाग मंद उजेड अधिक चांगला टिपतो, त्यामुळे धुराची पसरलेली किनार उमटू लागते. तोच मृगातला तेजोमेघ. त्यात नवे तारे जन्माला येत आहेत. पहिल्या रात्री एवढेच पुरे. तासाभरात पन्नास नावे ऐकली तर सकाळी एकही आठवत नाही.

गुरू आणि मंगळ त्या दिवसांत संध्याकाळीच पूर्वेला, सिंह राशीच्या परिसरात उगवतील. १० फेब्रुवारीच्या सुमारास गुरूची आणि १९ च्या सुमारास मंगळाची प्रतियुती (ग्रह सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येणे) असल्याने दोघेही ऐन तेजात असतील. बायनॉक्युलर गाडीच्या टपावर टेकवून स्थिर धरले, तर गुरूचे चंद्र बारीक ठिपक्यांसारखे ओळीने दिसतात.

जुलै-ऑगस्टमध्ये ढग फाटले तर चित्र वेगळे असेल. दक्षिणेला वृश्चिक आणि त्यातली लालसर ज्येष्ठा, शेजारी धनू, डोक्याच्या बाजूला अभिजित, पूर्वेकडे श्रवण आणि पश्चिमेला स्वाती. एवढी ठळक मंडळी ओळखता आली तरी ढगांच्या अर्ध्या तासाच्या फटीचे सोने होते.

७. पहाटेचा चंद्र : हाच आठवड्याचा कणा

रात्रीचे तारे पाहून बहुतेक जण झोपतात आणि पहाट सोडून देतात. माझ्या मते आठवड्याचा खरा गाभा पहाटेच आहे. साडेपाचला उठून पूर्वेकडे चंद्र शोधा आणि तो सूर्य उगवण्याच्या जागेपासून किती मुठी दूर आहे, ते वहीत लिहा. चंद्र रोज सूर्याच्या साधारण बारा अंश जवळ येतो, म्हणजे एका मुठीहून थोडे अधिक. सुरुवातीला अर्धा आणि उंच असलेला चंद्र रोज बारीक होत, रोज खाली उतरत जातो आणि अमावस्येच्या आदल्या पहाटे क्षितिजालगतच्या उजेडात जेमतेम सापडेल अशी कोर उरते. वहीतले आकडे एकाखाली एक वाचले, की अमावस्या कोणत्या दिवशी येणार हे पंचांग न उघडता सांगता येते.

फेब्रुवारीत १ तारखेच्या पहाटे चंद्र ज्येष्ठेच्या परिसरात असेल, आणि पूर्वेला शुक्र झळकत असेल. त्याच वेळी दक्षिणेकडे वळलात तर अगदी खाली, एका मुठीच्या उंचीवर त्रिशंकू आणि त्याच्या वर डावीकडे ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा प्रचंड गोलाकार गुच्छ मिळेल. बायनॉक्युलरमधून तो कापसाच्या बोंडासारखा दिसतो. युरोपातल्या बहुतेक निरीक्षकांना तो घरून कधीच दिसत नाही, आपल्याला तो भोरच्या माळावरून दिसतो.

२०२७ च्या ग्रहणाआधी चंद्र रोज एक नक्षत्र मागे टाकत येईल : २८ जुलैच्या पहाटे कृत्तिका, २९ ला रोहिणी, मग मृग, आर्द्रा, पुनर्वसू, आणि २ ऑगस्टला पुष्य, जिथे सूर्यही त्या दिवशी असेल. दिनदर्शिकेच्या चौकोनात रोज छापलेली नक्षत्रांची नावे म्हणजे चंद्राचा हाच प्रवास असतो. ढगांमुळे सातपैकी दोन पहाटे मिळाल्या तरी मधल्या जागा मनाने भरता येतात.

दर अमावस्येला ग्रहण का होत नाही, हा मुलांचा नेहमीचा प्रश्न. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी साधारण पाच अंशांनी कललेली आहे, त्यामुळे बहुतेक अमावास्यांना चंद्र सूर्याच्या वरून किंवा खालून निघून जातो. मुठीच्या अर्ध्या रुंदीएवढा फरक पडला तरी ग्रहण हुकते.

८. डोळे : इथे एकही सवलत नाही

पुण्यात ग्रहण खंडग्रासच असल्याने उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहण्याजोगा एक क्षणही येणार नाही. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. ते भाजत असताना काहीच जाणवत नाही, आणि इजा झाल्याचे काही तासांनी, मधोमध डाग दिसू लागल्यावर समजते. तो डाग कायमचा राहू शकतो.

ग्रहणचष्म्यावर आयएसओ १२३१२-२ हा क्रमांक आणि उत्पादकाचे नाव-पत्ता हवा. नुसता क्रमांक कोणीही छापू शकतो, म्हणून चष्मा खगोल संस्थेमार्फत किंवा खात्रीच्या ठिकाणाहून, महिना-दोन महिने आधी घ्या. घरी आणल्यावर तो घालून ट्यूबलाइटकडे पाहा, काही दिसता कामा नये. मग फोनची विजेरी भिंगाशी धरून टाचणीएवढी भोके किंवा ओरखडे आहेत का ते तपासा. एक जरी सापडला तरी चष्मा कात्रीने कापून टाका, नाहीतर तो कोणा मुलाच्या हाती लागतो. वेल्डिंगची काच वापरायची तर १४ नंबरचीच. दुकानात सहज मिळणारी १० किंवा ११ नंबरची चालत नाही.

एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, उन्हाचा गॉगल, सीडी हे सगळे धोक्याचे. परातीतल्या पाण्यात प्रतिबिंब पाहण्याची आपल्या घरांतली जुनी रीतही सोडायला हवी. पाणी सूर्यप्रकाशाचा साधारण दोन टक्के भाग परावर्तित करते, तर सुरक्षित चष्म्यातून ०.००३२ टक्क्यांहून अधिक दृश्य प्रकाश जाऊ द्यायचा नसतो. ही तफावत शेकडो पटींची आहे. चष्मा घालून बायनॉक्युलरमधून पाहणे तर सर्वांत घातक, कारण भिंगांनी एकवटलेले ऊन चष्म्याची फिल्म क्षणात जाळते. सूर्यासाठीची गाळणी (फिल्टर) लावायची तर पुढच्या भिंगावर, सूर्याच्या बाजूला. डोळ्याजवळच्या भिंगावर कधीही नाही.

चष्मा नसेल तरी ग्रहण पाहता येते. स्वयंपाकघरातला झारा घ्या, सूर्याकडे पाठ करून उभे राहा आणि झाऱ्याची सावली पांढऱ्या कागदावर पाडा. झारा कागदाजवळ असेल तर भोकांचेच आकार दिसतात. तो हळूहळू वर उचलत न्या, हात-दीड हात अंतर झाले की प्रत्येक ठिपका बदलतो आणि कागदावर कुरतडलेल्या बारीक सूर्यांची रांगच्या रांग उमटते. कडुलिंबाच्या किंवा चिंचेच्या झाडाखालचे कवडसेही त्या वेळी असेच होतात. मोठे चित्र हवे असेल तर लहान आरशावर सेंटिमीटरभर भोक पाडलेला कागद चिकटवा आणि त्याचा कवडसा अंधाऱ्या खोलीतल्या दहा मीटर लांबच्या भिंतीवर टाका. साधारण नऊ सेंटिमीटरचे सूर्यबिंब मिळेल, आणि सोसायटीतली सगळी मुले ते एकाच वेळी पाहू शकतील. आरशात थेट डोकवायचे मात्र नाही.

९. ग्रहणाचा दिवस

सकाळी उपग्रहाचे ताजे छायाचित्र आणि हवामान खात्याचा अंदाज पाहून दिशा ठरवा. दोन जागा आधीच ठरवलेल्या असाव्यात, म्हणजे दुपारी जेवणानंतर आभाळ पाहून त्यांपैकी एकीकडे वळता येते. स्पर्शाच्या तासभर आधी जागेवर असा. गाडी रस्त्याच्या कडेला लावून तिथेच उभे राहू नका, महामार्गावर तर मुळीच नाही.

सूर्य पश्चिमेला असल्याने चंद्र प्रथम बिंबाच्या खालच्या बाजूला शिरेल आणि मग ती खाच डावीकडे सरकेल. पहिली खाच दिसल्याची वेळ, सर्वाधिक झाकल्याची वेळ आणि सुटल्याची वेळ टिपून ठेवा. दर दहा मिनिटांनी वहीत गोल काढून खाच रेखाटा. फोनवर काढलेल्या फोटोपेक्षा हे चित्र अधिक काळ लक्षात राहते. विरळ ढगाआड सूर्य मंद वाटला तरी चष्मा उतरवू नका. ढग कधी सरकेल याचा नेम नसतो, आणि २०१९ मध्ये मुलांना आवरावे लागले ते नेमके अशाच क्षणी. लहान मुलांच्या गटात दर चार-पाच मुलांमागे एक मोठे माणूस हवे आणि त्या माणसाने ग्रहणाकडे नव्हे, मुलांकडे पाहावे.

घरात वेध पाळणारी वडीलधारी मंडळी असतील तर त्यांच्याशी वाद घालू नका. ग्रहणाच्या काळात अन्न दूषित होत नाही, आणि गर्भवतीने घराबाहेर आल्याने बाळाला काही अपाय होत नाही, हे शांतपणे सांगावे. आजींना अंगणात बोलावून झाऱ्याची सावली दाखवली, तर सहसा बोलावे लागतच नाही. सूर्याकडे पाहायचेही नसते, त्यामुळे त्यांनाही संकोच वाटत नाही.

१०. ग्रहणानंतर

दुसऱ्या दिवशी, ३ ऑगस्टला संध्याकाळी पश्चिमेला चंद्राची बारीक कोर शोधा, तो आता सूर्याच्या दुसऱ्या बाजूला गेलेला असेल. बायनॉक्युलर सूर्य पूर्ण बुडाल्यावरच उचला. ती कोर दिसली की सूर्यापासूनच्या मुठी मोजून आठवड्याच्या नोंदींखाली शेवटची ओळ लिहा.

चष्मे फेकू नका. कोरड्या मऊ कापडाने पुसून, घडी न पाडता जाड पाकिटात आणि टणक पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवा, पाकिटावर खरेदीचा महिना लिहा. २१ मे २०३१ रोजी केरळ आणि तमिळनाडूवरून कंकणाकृती ग्रहण जाणार आहे आणि पुण्यातून ते खंडग्रास दिसेल. तेव्हा पाऊस सुरू झालेला नसतो. २० मार्च २०३४ च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा काश्मीर-लडाखवरून जातो. त्या वेळी हेच चष्मे काढाल, तेव्हा विजेरीची आणि ट्यूबलाइटची तपासणी पुन्हा करा. फिल्म सुरकुतलेली किंवा पुठ्ठ्यापासून सुटलेली दिसली, तर नवे घ्या.